फ्रिजमधला गॅस आणि आपल्या मुलांचा हुनर

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर एक भाषण होते. मागच्या वर्षी ते मीच केले होते आणि समोरचे निम्मे पालक घड्याळाकडे पाहत होते, हे मला व्यासपीठावरून चांगले दिसत होते. म्हणून यंदा मी वेगळा विषय घेतला आहे. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या मुलांनी गॅस कसा हाताळावा, हा तो विषय. मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस, इतिहास आणि मराठी शिकवतो. कॉम्प्रेसर हा माझा प्रांत नव्हे. जे सांगणार आहे ते मी आमच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षकांकडून, दोन जाणत्या कारागिरांकडून आणि पुस्तकांतून शिकलो आहे. हे शिकण्याची पाळी का आली, ते आधी सांगतो.

माझा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्याच्या घरची मंडळी तुमच्यातच बसलेली असतील. दहावीला बरे गुण मिळाले, पण वडिलांचा फळांचा गाडा, पाठीवर तीन भावंडे. मुलगा बारामतीत एका उस्तादाकडे फ्रिजच्या कामाला लागला. हात चांगला होता. तीन वर्षांत एकट्याने काम करू लागला. एका उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गावी फ्रिजला ‘गॅस भरायला’ गेला. स्वयंपाकघर लहान, बाहेर धुळीचा वारा म्हणून खिडकी लावलेली. त्याने नेहमीप्रमाणे कॉम्प्रेसरची नळी कापली, आतला उरलेला गॅस फुस्सकन सोडून दिला आणि जोड लावण्यासाठी लगेच टॉर्च पेटवला. पुढचे त्याला आठवत नाही. दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. पुण्याच्या दवाखान्यात कित्येक आठवडे काढावे लागले.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याचा उस्तादही तिथे बसला होता. बिचारा रडकुंडीला आला होता. मला म्हणाला, “सर, पंचवीस वर्षं मी गॅस असाच सोडतोय, असाच टॉर्च लावतोय. कधी काही झालं नाही.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण उस्ताद खोटे बोलत नव्हता. ज्या गॅसवर तो काम शिकला, तो गॅस पेटतच नसे. त्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर मात्र एक चिठ्ठी होती. पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचे चित्र आणि त्याखाली ‘आर-६००ए’ अशी अक्षरे. मुलाने ती पाहिली होती. अक्षरे त्याला वाचता आली होती, कारण ती त्याला मीच शिकवली होती. त्यांचा अर्थ मात्र कोणी सांगितला नव्हता.

आता थोडे मुळापासून बोलू.

डॉक्टर इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिट चोळतात, तेव्हा गार वाटते. स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. अकबर बादशहाच्या आबदारखान्यात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरीत, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्यात पाण्याची सुरई फिरवायची. फ्रिजमध्ये आपण एवढेच केले की उडून गेलेला पदार्थ पुन्हा पकडायचा, कॉम्प्रेसरने दाबून त्याची आतून आणलेली उष्णता बाहेर टाकायची, त्याचा पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा आत उडवायचा. हे चक्र बंद नळीत चालू राहते. नळीतल्या त्या पदार्थाला आपण ‘गॅस’ म्हणतो.

पालकांनो, येथे एक गोष्ट तुमच्या उपयोगाची सांगतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. नळी सुरक्षित असेल तर कारखान्यात भरलेला गॅस फ्रिजचे आयुष्य संपेपर्यंत पुरतो. “दरवर्षी गॅस भरून घ्यावा लागतो” असे कोणी म्हणत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की नळीला कुठेतरी भोक आहे आणि ते कोणी शोधलेले नाही. गळती न शोधता नुसता गॅस भरून पैसे घेणारा कारागीर फुटक्या घागरीत पाणी ओतून त्याची मजुरी घेत असतो. यात त्याची लबाडी असतेच असे नाही, पुष्कळदा त्याला कोणी शिकवलेलेच नसते. पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही विचारले पाहिजे, “भाई, गळती कुठे सापडली ते दाखवा.”

आता गॅस कोणकोणते, ते पाहू. हा इतिहास आहे, त्यामुळे येथे मला जरा पाय पसरू द्या.

शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. तिन्ही विषारी. १९२६ मध्ये बर्लिन शहरात फ्रिजचा गॅस गळून एक अख्खे कुटुंब झोपेत मेले. ती बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांनी हलणारा भागच नसलेला, म्हणून न गळणारा फ्रिज शोधायला घेतला आणि त्याची पेटंटेही मिळवली. तो बाजारात आला नाही, कारण दरम्यान अमेरिकेत टॉमस मिजली या रसायनशास्त्रज्ञाने दुसरीच वाट काढली. १९३० मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत आपला नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो फुंकून जळती मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. हाच फ्रिऑन, म्हणजे आपल्या कारागिरांचा ‘बारा नंबर’ गॅस, आर-१२. त्याचा धाकटा भाऊ एसीतला ‘बावीस नंबर’.

आमच्या उस्तादाची पिढी या गॅसवर वाढली. सोडला तर वास नाही, भडका नाही, हवेत नाहीसा. पण तो नाहीसा होत नव्हता. १९७४ मध्ये शेरवूड रोलँड आणि मारिओ मोलिना यांनी दाखवून दिले की हे वायू वर्षानुवर्षे टिकतात, वर चढत जातात आणि तेथे सूर्यकिरणांनी फुटून त्यांतले क्लोरीन ओझोनचा थर खाते. सूर्याचे घातक किरण अडवणारा हा थर म्हणजे पृथ्वीवरचे छप्परच. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर त्या छपराला पडलेले खिंडार जगाला दाखवले. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, कॅनडातल्या माँट्रिऑल शहरात करार झाला. आज जगातले सर्व देश त्या करारात आहेत. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे देशही या कागदावर एकत्र आले, याचे इतिहासशिक्षक म्हणून मला फार अप्रूप वाटते. रोलँड, मोलिना आणि पॉल क्रुत्झेन यांना १९९५ चे नोबेल मिळाले.

आपला देश १९९२ मध्ये या करारात सामील झाला. त्यासाठी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सन २००० मध्ये ओझोनला घातक पदार्थांचे नियम आले. कोणी किती बनवायचे, कोणी आणायचे, कोणी विकायचे, याला नोंदणी आणि मर्यादा आली. १ ऑगस्ट २००८ पासून आपल्याकडे आर-१२ सारख्या गॅसचे उत्पादन थांबले, दम्याच्या फवाऱ्यांपुरती तेवढी सूट राहिली. आता पाळी बावीस नंबरची आहे. करारानुसार आपल्यासारख्या देशांनी २०२५ पर्यंत या वर्गाच्या गॅसचा वापर ठरलेल्या पायाभूत प्रमाणापेक्षा ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा होता, आणि २०३० नंतर फक्त जुनी यंत्रे चालू ठेवण्यापुरता थोडासा मिळेल, तोही २०४० पर्यंत. मुलांनो, तुमच्यापैकी जो आज सोळा वर्षांचा आहे आणि हा धंदा शिकू पाहतो, त्याने बावीस नंबरवर आयुष्य काढण्याचा विचार सोडून द्यावा.

त्यांच्या जागी जे गॅस आले ते ओझोनला धक्का लावत नाहीत. पण त्यांतले काही पृथ्वीचे तापमान भयंकर वाढवतात. म्हणून २०१६ मध्ये रवांडा देशातल्या किगाली येथे त्याच करारात दुरुस्ती झाली. भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली, आणि आपल्याकडे २०३२ पासून पायरीपायरीने या गॅसचीही कपात सुरू होईल.

‘तापमान भयंकर वाढवतात’ म्हणजे किती? एक हिशेब सांगतो, विद्यार्थ्यांनी घरी पडताळून पाहावा. एक किलो बावीस नंबर हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोभर गॅस सोडणे हे सुमारे ७८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल तेवढ्या पेट्रोलवर बारामतीहून इंदापूरला जाऊन परत अशा जवळजवळ चारशे फेऱ्या मारील. दीड टनाच्या जुन्या एसीत किलोभर किंवा त्याहून थोडा जास्तच गॅस असतो. गच्चीवर उभे राहून व्हॉल्व्ह मोकळा करायला दोन मिनिटे लागतात.

वजूचे पाणी वाहत्या नदीकाठीसुद्धा जपून वापरावे, हे आपण लहानपणी मकतबात शिकलो. मी जास्त बोलत नाही.

आता पुन्हा त्या स्वयंपाकघरात येऊ. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. सिगारेटच्या लायटरमध्ये जो गॅस असतो त्याचा सख्खा भाऊ. तो ओझोनला निर्धोक, तापमानाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी आणि विजेची बचत करणारा आहे, म्हणून आज घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक हाच सापडतो. प्रमाण अगदी थोडे, पन्नास ग्रॅमच्या आसपास. “पन्नास ग्रॅमने काय होते?” असे कोणीही म्हणेल. आमच्या विज्ञानशिक्षकांनी फळ्यावर गणित करून दाखवले. पन्नास ग्रॅमचा वायू झाला की वीस-एकवीस लिटर होतो. हवेत त्याचे प्रमाण १.८ टक्के झाले की ठिणगीला तो पेट घेतो. म्हणजे सुमारे एक घनमीटर हवा, एका मोठ्या कपाटाएवढी, पेटती होऊ शकते. शिवाय हा वायू हवेच्या दुप्पट जड आहे. तो वर जात नाही, फरशीवर, ओट्याखाली, कारागीर जिथे उकिडवा बसतो तिथेच साचतो.

अशा फ्रिजचे काम कसे करावे? खिडक्या-दारे उघडी, घरातली शेगडी आणि देवघरातला दिवा विझवलेला, आसपास विजेची बटणे चालू-बंद करायची नाहीत. शक्य तर फ्रिज अंगणात घ्यावा. आतला गॅस बारीक नळीने लांब मोकळ्या हवेत न्यावा. नंतर नळ्यांतून कोरडा नायट्रोजन फिरवून आत उरलेला अंश काढावा. जुना जोड टॉर्चने तापवून सोडवायचा नाही, नळी कापण्याच्या हत्याराने कापायची. गॅस ओळखणारे यंत्र फरशीजवळ धरून खात्री करावी आणि मगच ज्योत पेटवावी. आता तर ज्योतीशिवाय दाबून बसवायचे जोडही मिळतात. आमच्या मुलाने यातले काहीही केले नव्हते, कारण बारा नंबरला यातल्या कशाचीही गरज नव्हती.

नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो. तो आयसोब्युटेनइतका भडकत नाही, पण पेटतो. काही एसीत आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन असतो. यंत्राच्या पाटीवर गॅसचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेले असते. तोच गॅस आणि तेवढाच, वजनकाट्यावर मोजून भरायचा. अंदाजाने, हाताला नळी गार लागेपर्यंत भरणे हा जुन्या उस्तादांचा हुनर होता आणि त्या हुनराला माझा सलाम आहे. पण पन्नास ग्रॅमच्या यंत्रात अंदाजाला जागा नाही.

आणखी एक घातक रीत आपल्या भागात ऐकू येते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस एसीत किंवा फ्रिजमध्ये भरणे. “तोही प्रोपेन-ब्युटेनच ना?” असा युक्तिवाद करतात. तो मिश्रण असतो, त्यात ओलावा आणि वासाचे द्रव्य असते. ज्या जुन्या यंत्राची विजेची जोडणी न पेटणाऱ्या गॅसकरिता केलेली आहे, त्यात तो घालणे म्हणजे बंद खोलीच्या भिंतीवर शेगडीचा सिलिंडर टांगणे. शिवाय घरगुती गॅस दुसऱ्या कामाला वळवणे हा २००० च्या पुरवठा आदेशाखाली गुन्हाही आहे.

गळती तपासण्यासाठी ऑक्सिजनचा दाब देणारेही आहेत, कारण वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजनचाच, आणि तोही रेग्युलेटर लावून.

आता मोठ्या यंत्रांकडे वळतो, कारण आपली पोरे फक्त घरगुती फ्रिजवर काम करीत नाहीत. बारामती आणि इंदापूर हा दुधाचा, द्राक्ष-डाळिंबाचा, केळीचा आणि भिगवणच्या मासळीचा मुलूख आहे. दूध काढले की काही तासांत चार अंशांपर्यंत गार झाले पाहिजे. उजनीच्या पाण्यातली मासळी भिगवणच्या बाजारातून बर्फाशिवाय हलत नाही. केळी आणि द्राक्षे गार कंटेनरमध्ये बसून समुद्र ओलांडतात. बागवानांपासून ड्रायव्हरांपर्यंत आपल्या समाजाची किती घरे या गारव्यावर जेवतात, याचा हिशेब करून पाहा.

बर्फाचे कारखाने, मोठी शीतगृहे, दुधाचे प्रकल्प यांत प्रामुख्याने अमोनिया असतो. आपल्या जुन्या मंडळींना या गॅसची ओळख वेगळ्या वाटेने आहे. कल्हईवाले चाचा भांड्यात नवसागर टाकीत तेव्हा नाकात झिणझिण्या आणणारा धूर निघे ना? नवसागर हा अमोनियाचाच क्षार. अमोनिया ओझोनला निर्धोक, तापमानालाही निर्धोक, शेकडा गुणांनी पास, पण माणसाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना वैरी. मे २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या भांडगाव येथे, एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात अमोनिया गळून कामगारांना दवाखान्यात न्यावे लागले. अशा ठिकाणी कामाला असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. हा वायू पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून ओला रुमाल तोंडावर धरून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पळावे. डोळ्यांत गेला तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरकडे जावे. ओला रुमाल फक्त पळण्यापुरता आहे. त्या भरवशावर आत अडकलेल्याला आणायला शिरू नये, त्याला श्वसनाचे पूर्ण साधन लागते. एकाला वाचवायला दुसरा शिरतो आणि दोघेही पडतात.

गार कंटेनरचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो. २०११ मध्ये जगभरच्या बंदरांत खळबळ उडाली. व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही गार कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटले, तीन कामगार मेले. शेकडो कंटेनर बाजूला काढून ठेवावे लागले. शोध घेतला तेव्हा कळले की सिलिंडरवर नाव आर-१३४ए चे, आत मात्र भेसळ. भेसळीत होता मिथाइल क्लोराइड, म्हणजे मघाशी सांगितलेला शंभर वर्षांपूर्वीचा विषारी गॅस! तो ॲल्युमिनियमशी मिळून हवा लागताच पेटणारे द्रव्य तयार करतो. मिजलीने ज्याला दारातून बाहेर घालवले होते, तो स्वस्ताईच्या खिडकीतून परत आला. ज्या गॅसचा पुरवठा कायद्याने आटत जातो त्यात भेसळ वाढते, आणि आपल्याकडे आता बावीस नंबर आटतो आहे. म्हणून सिलिंडर बिलासह, नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. फेकून देण्याचे एकदाच वापरायचे सिलिंडर परत भरून विकतात, ते तर दारातही घेऊ नयेत. सिलिंडर कधीही काठोकाठ भरायचा नसतो, ऐंशी टक्क्यांपर्यंतच, कारण उन्हात द्रव फुगतो. आणि आपल्याकडे एप्रिलचे ऊन कसे असते, ते मी बारामतीकरांना काय सांगावे! बंद मोटारीत, मोटारसायकलच्या डिकीत, दुकानाच्या पत्र्याखाली सिलिंडर ठेवू नये. हिवाळ्यात गॅस लवकर उतरत नाही म्हणून सिलिंडरच्या बुडाला टॉर्च दाखवणारे महाभाग मी पाहिले आहेत. कोमट पाण्याची बादली पुरते.

जुन्या यंत्रातला गॅस सोडायचा नाही तर करायचे काय? त्यासाठी गॅस परत खेचून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र असते, त्याला रिकव्हरी मशीन म्हणतात. एका तरुण कारागिराला ते परवडत नाही, हे खरे. पण चार-पाच दुकानांनी मिळून एक घेता येते. येथे भंगाराचा धंदा करणाऱ्या बांधवांनाही विनंती आहे. जुना फ्रिज-एसी हा ई-कचऱ्याच्या नियमात येतो. तांब्याच्या लोभाने नळ्या कुऱ्हाडीने तोडल्या की आत उरलेला सगळा गॅस जातो, आणि आतला आयसोब्युटेन असेल तर तोडणाऱ्याच्या विडीने काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

कायद्याच्या दंडाविषयी कोणी तरी विचारीलच. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आला आहे. पण मला विचाराल तर मी मुलांना दंडाचा धाक घालत नाही. गच्चीवर कोणी इन्स्पेक्टर उभा नसतो.

प्रमाणपत्राचे मात्र आग्रहाने सांगतो. अमेरिकेत १९९४ पासून परीक्षा पास झाल्याशिवाय कारागिराला असल्या गॅसला हात लावता येत नाही. युरोपातही तसेच. आपल्या देशात दुरुस्ती करणाऱ्याला अशी सक्ती नाही, आणि म्हणूनच आपल्या पालकांना वाटते की प्रमाणपत्राशिवाय चालते. चालते, पण कुठपर्यंत? कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कागद मागतात. आखातात जाणाऱ्या मुलांकडे सौदी अरेबियाने अलीकडे कौशल्याची परीक्षा मागायला सुरुवात केली आहे आणि एसीचे काम त्या यादीत आहे. ज्याचा हात चांगला पण कागद नाही, तो तेथे हेल्पर म्हणून उतरतो.

दहावी पास मुलाला आय.टी.आय.मध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जी मुले आधीच कामाला लागली आहेत त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनांतून थोड्या दिवसांचे प्रशिक्षण होते. त्यात गॅस परत काढणे, नायट्रोजन वापरणे, पेटणारे गॅस हाताळणे हे प्रत्यक्ष शिकवतात आणि येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग कृती आराखड्यात एक लाख कारागिरांना असे शिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या लाखात आपल्या बारामती-इंदापूरची मुले किती, असे मी दोन्ही कारागिरांना विचारले. दोघेही एकमेकांकडे पाहू लागले.

मुलींच्या आईवडिलांनाही सांगतो. हे काम जड नाही, नेमके आहे. वजनकाटा, मीटर आणि गेज वाचायचे असते. आमच्या नववीच्या वर्गात मोजमापात सर्वांत चोख तिघी मुली आहेत.

आणि उस्ताद मंडळींना, जी आज मागच्या रांगेत बसली आहेत, अदबीने एक विनंती. तुम्ही आमच्या मुलांना रोजी मिळवून देणारा हुनर दिलात, शाळेने ते केले नाही. शागीर्दाला पहिल्या दिवशी पाना देण्याआधी यंत्राच्या पाटीवरचे गॅसचे नाव मोठ्याने वाचायला लावा. तो चुकला तर माझ्याकडे पाठवा, ते काम माझे आहे.

तो मुलगा आता बरा आहे. उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण मिटत नाहीत. प्रशिक्षण घेऊन त्याने दाखला मिळवला आणि पुन्हा त्याच उस्तादाकडे काम करतो. दुकानाच्या भिंतीवर त्याने गॅसच्या नावांचा तक्ता लावला आहे. कोणता पेटतो, कोणता नाही, कोणत्या यंत्रात किती, हे मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे. शुद्धलेखन तपासायला त्याने तो माझ्याकडे आणला होता. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. त्या तक्त्याच्या प्रती संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, आय.टी.आय.च्या प्रवेशाची माहितीही तेथेच मिळेल. ज्यांना हवी असेल त्यांनी जाताना घेऊन जावी.